करडईतलं हरवलेलं अक्षर

करडईचं वाळलेलं बोंड नुसत्या हाताने चुरता येत नाही. फडकं गुंडाळावं लागतं, आणि तरी एखादा काटा कापडातून आत येतोच. चुरलं की तळहातावर तीस-चाळीस दाणे उरतात. पांढरे, गुळगुळीत, एका टोकाला निमुळते, सगळे एकसारखे. पण हे बोंड एका ठरावीक संकरातून आलेल्या झाडाचं असेल, तर चाळीसपैकी तीसेक दाण्यांचं तेल एका जातीचं असतं आणि दहाएक दाण्यांचं पार वेगळं. पहिलं तेल पातळ पसरून ठेवलं तर वाळून पापडी धरतं, म्हणून रंग-व्हार्निशवाल्यांना ते हवं असतं. दुसरं तसं वाळत नाही, कढईत तापवलं तरी लवकर बिघडत नाही, आणि त्याची ठेवण ऑलिव्हच्या तेलाच्या जवळ जाते. दोन्ही जातींचे दाणे एकाच बोंडात, एकमेकांना खेटून वाढलेले. डोळ्याने, दाताने, वजनाने फरक कळत नाही.

हे प्रकरण त्या दहा दाण्यांचं आहे. त्यांच्यातला गुण भारतातून गेलेल्या करडईत सापडला, त्यावरून वाण तयार झाला तो कॅलिफोर्नियात, 1966 साली, आणि भारतीय वाणांमध्ये तो गुण मुद्दाम आणण्याचं काम मार्गी लागायला त्यानंतर कित्येक दशकं गेली. ‘आपलं होतं, परक्यांनी नेलं’ असा सूर या हकिकतीला सहज लावता येईल. मला तो पटत नाही. गुण आपल्या शेतात होता हे खरं. पण तो आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्या काळी त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरलाच असता. पीक-सुधारणेत विविधता ‘असणं’ आणि ती ‘दिसणं’ या दोन वेगळ्या घटना आहेत. दोन्हींमध्ये किती अंतर पडू शकतं, ते करडईत चांगलं मोजता येतं.

बांधावरचं पीक

सोलापूर, धाराशिव, लातूर, परभणी आणि सीमेपलीकडे विजयपूर हा काळ्या, खोल जमिनीचा पट्टा. रब्बी इथे पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर पिकते. करडई सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरायची. सोटमूळ सरळ खाली जातं, ज्वारीच्या मुळांना जे पाणी लागत नाही ते करडईला लागतं. कोवळी असताना तिची भाजी होते. महिना-दीड महिन्याने पानांच्या कडांना काटे येतात आणि मग तिच्याकडे कोणी फिरकत नाही, माणूसही नाही आणि गुरंही नाहीत. म्हणूनच ज्वारीच्या शेताभोवती करडईची चार-सहा तासं पेरायची जुनी रीत आहे. फुकटातलं कुंपण, वर घरच्यापुरतं तेल.

या भागातल्या शेतकऱ्याने करडईत निवड केली नाही असं नव्हे. पिढ्यानपिढ्या केली. पण निवड जे दिसतं त्याचीच होते. बोंडं किती धरली, दाणा भरला का, मर रोगाने किती झाडं बसली, माव्याने शेंडे काळे पडले तेव्हा कोणतं झाड तग धरून राहिलं. फुलाचा रंग दिसतो, काटा टोचतो, उंची नजरेत भरते. तेलातल्या आम्लांचं प्रमाण दिसत नाही. सगळा माल एका पोत्यात, पोतं घाण्यावर, आणि घाण्यातून निघेल ते करडईचं तेल.

करडईच्या फुलाची रचना इथे समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एका बोंडात अनेक छोटी फुलं असतात आणि ती कडेकडून आत, तीन-चार दिवसांत उमलतात. प्रत्येक फुलात पाच परागकोश चिकटून एक नळी झालेली असते. सकाळी फुलाचा मादी दांडा, म्हणजे कुक्षीवृंत, या नळीतून वर सरकतो आणि सरकतानाच नळीतले परागकण अंगाला फासून बाहेर येतो. म्हणजे मधमाशी येईपर्यंत फुलाचं स्वतःशीच लग्न लागून गेलेलं असतं. मधमाश्या येतात, थोडं परपरागीभवन होतंच, पण बहुतांश बी हे स्वतःच्याच परागाचं.

अशा पिकात एखादा अप्रभावी गुण फार काळ दडून राहत नाही. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली असेल तर गुण दिसत नाही. पण स्वपरागीभवनाने दर पिढीला अशी मिश्र झाडं निम्म्याने कमी होतात, आणि काही पिढ्यांत दोन्ही प्रती बदललेली झाडं वेगळी पडतात. तेव्हा भारतातल्या कुठल्याशा करडईच्या रानात वेगळ्या तेलाची झाडं इतर झाडांत शुद्ध रूपात उभी असणार, दर वर्षी पिकत असणार आणि दर वर्षी पोत्यात मिसळून जात असणार. हा माझा तर्क, पण पिकाची चाल पाहता दुसरं काही संभवत नाही.

रंगवाल्यांची गरज, मग स्वयंपाकघराची

अमेरिकेत करडई व्यापारी पीक म्हणून रुजली ती 1950 च्या सुमारास, आणि तीही खाण्यासाठी नाही. तेव्हा रंगाच्या उद्योगाला न पिवळणारं, वाळणारं तेल हवं होतं. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल 75 ते 80 टक्के असतं आणि ओलेइक 10 ते 15 टक्के. हे गणित वाळणाऱ्या तेलाला अगदी सोयीचं.

कारण असं. दोन्ही आम्लं म्हणजे अठरा कार्बनची साखळी. ओलेइकमध्ये एका ठिकाणी दुहेरी बंध असतो, लिनोलेइकमध्ये दोन ठिकाणी. या दोन बंधांच्या मधोमध जो कार्बन सापडतो तो हवेतल्या ऑक्सिजनच्या तावडीत सगळ्यात आधी जातो. भिंतीवरच्या रंगात हे घडलं तर रंग वाळला म्हणायचं, बरणीतल्या तेलात घडलं तर तेल खवट झालं म्हणायचं. क्रिया तीच. तेलात असे बंध किती आहेत हे सांगणारा आकडा म्हणजे आयोडीन मूल्य. नेहमीच्या करडईचं ते 140 च्या आसपास असतं. रंगवाल्याला ते जितकं जास्त तितकं बरं.

म्हणून 1957 मध्ये हॉरोविट्झ आणि विंटर या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात कमी आयोडीन मूल्याच्या करडईची छोटीशी नोंद छापली, तेव्हा रंगाच्या दृष्टीने ती बातमी वाईटच होती. असं तेल वाळणार नाही. रंगवाल्याच्या पैदासकाराने अशी झाडं उपटून टाकली असती तरी त्याला दोष देता आला नसता. जननद्रव्याच्या, म्हणजे जपून ठेवलेल्या बियाण्यांच्या, संग्रहात ‘वाईट’ नावाचा रकाना नसतो तो याचसाठी. काय वाईट हे गिऱ्हाईक ठरवतं, आणि गिऱ्हाईक बदलतं.

डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल्डेन नोल्स हे करडईवर काम करत होते. 1958 मध्ये ते मोरोक्कोपासून भारतापर्यंतच्या पट्ट्यात करडई गोळा करत फिरले, 1960 च्या दशकात पुन्हा फिरले. त्या भटकंतीतून त्यांनी 1969 मध्ये करडईच्या विविधतेची सात केंद्रं मांडली: अतिपूर्व, भारत-पाकिस्तान, मध्यपूर्व, इजिप्त, सुदान, इथिओपिया, युरोप. दर केंद्राची करडई अंगलटीने वेगळी. आपल्याकडची बुटकी आणि काटेरी. आपण जिला ‘करडई’ म्हणून ओळखतो ती सातातली एक ठेवण आहे, हे असा नकाशा समोर आल्यावरच कळतं.

1963 मध्ये नोल्स आणि मुतवकिल यांनी भारतातून आलेल्या करडईच्या निवडींमध्ये कमी आयोडीन मूल्य कसं वारशाने येतं ते दाखवलं. एकच जनुक, अप्रभावी. त्याला ‘ओएल’ हे नाव मिळालं. दोन्ही प्रती ‘ओएल’ असल्या की तेलाचा हिशेब उलटतो: ओलेइक 75 ते 80 टक्के, लिनोलेइक 15 च्या आसपास, आयोडीन मूल्य 90 च्या घरात. पुढच्या वर्षी नोल्स आणि हिल यांना इराणच्या बियाण्यात याच जनुकाचं आणखी एक रूप सापडलं. त्यात दोन्ही आम्लं जवळपास निम्मी-निम्मी. पण हे इराणी रूप थंडी-उन्हाला भुलतं, दाणा भरताना हवा कशी आहे त्यावर तेलाचं प्रमाण हलतं. भारतीय रूप हवेला दाद देत नाही. वाण म्हणून विकायला हाच गुण लाखमोलाचा.

1966 मध्ये यूसी-1 हा उच्च-ओलेइक वाण कॅलिफोर्नियात प्रसारित झाला. तोवर खाद्यतेल म्हणून करडईला बाजार मिळू लागला होता आणि तळणीला टिकणारं तेल ही स्वतंत्र मागणी झाली होती. जे दहा वर्षांपूर्वी वाईट, तेच आता वाण. ज्या रानातून ते बी आलं, तिथल्या शेतकऱ्याची ओळख शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘भारतातून’ एवढ्या एका शब्दात उरली आहे.

निवड करणाऱ्यांच्या हातात एक मोठी सोय होती. करडईत दाण्यातलं तेल कसं होणार हे आईच्या झाडावर नाही, तर दाण्यातल्या गर्भावर ठरतं. प्रत्येक दाणा स्वतःचं तेल स्वतः ठरवतो. म्हणूनच सुरुवातीला सांगितलेल्या बोंडात तीस आणि दहा असे दोन तट एकत्र दिसतात. मिश्र झाडाच्या बोंडातच पुढची पिढी तीनास एक या प्रमाणात वाटली गेलेली असते. मग दाण्याच्या रुंद टोकाकडून, अंकुर जिकडे नाही तिकडून, ब्लेडने एक चकती कापायची. चकतीतलं तेल तपासायचं, उरलेला दाणा पेरायचा. तेल तपासून दाणा मेला नाही, आणि पेरण्याआधीच त्याची जात कळली. सुरुवातीला तेलाच्या थेंबातून प्रकाश किती वाकतो यावरून अंदाज बांधत, मग 1952 नंतर हळूहळू हाताशी आलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने, आम्लांचं प्रमाण नेमकं मिळू लागलं. गुण दिसायला लागला तो त्या यंत्राच्या कागदावरच्या शिखरांमधून. त्याआधी तो कोणालाच दिसला नसता, डेव्हिसमध्ये काय आणि सोलापुरात काय.

तीन-तीन अक्षरांनी

‘ओएल’ म्हणजे नेमकं काय बिघडलं आहे, हे कळायला आणखी चार-पाच दशकं गेली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या गटाने ते 2010 च्या दशकात उलगडलं. झाडात ओलेइकपासून लिनोलेइक बनतं ते एफएडी-2 या कुळातल्या विकरांमुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमुळे. साखळीत दुसरा दुहेरी बंध घालणं हे त्यांचं काम. करडईत या कुळातली अकरा जनुकं सापडली आहेत, म्हणजे बरीच. त्यातलं एफएडी-2-1 हे मुख्यतः दाण्यात राबतं. उच्च-ओलेइक करडईत या जनुकाच्या मधोमध डीएनएचं एक अक्षर गायब आहे. एकच.

एक अक्षर गेल्याने एवढं काय बिघडतं? पेशी जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. ‘गवत परत उगव सतत’ हे वाक्य घ्या आणि दुसऱ्या शब्दातला ‘र’ काढा. तीन-तीनचा नियम मोडायचा नाही. मग वाचायला मिळतं: ‘गवत पतउ गवस तत’. पहिला शब्द शाबूत, पुढचं सगळं निरर्थक. जनुकात तर त्या गोंधळात लवकरच ‘इथे थांब’ असा अर्थ लागणारा गट येतो आणि विकर अर्धवट राहतं. शिवाय असा सदोष निरोप पेशी स्वतःच नष्ट करते. दुसरा बंध घालणारा कारागीरच नाही म्हटल्यावर दाण्यात ओलेइक साचत जातं.

मग झाड मरत का नाही? पेशीच्या पटलांना लिनोलेइक लागतंच. उत्तर त्या अकरात आहे. पानात, मुळात, खोडात कुळातली इतर भावंडं काम करतात. बिघाड फक्त दाण्याच्या कोठारात. शेतात ते झाड इतरांसारखंच वाढतं, तितकंच पिकतं, म्हणून तर शेतकऱ्याच्या नजरेतून ते निसटलं. जनुकांची ही वरकरणी अनावश्यक वाटणारी भरती नसती तर हा बदल पहिल्याच पिढीत झाडासकट संपला असता. तेलबियांतली पुष्कळशी उपयोगी विविधता अशा दुहेरी-तिहेरी प्रतींच्या आडोशाने जगलेली आहे. भुईमुगात तर दोन पूर्वज जातींचे दोन संच आहेत आणि तिथे उच्च-ओलेइक गुणासाठी दोन्ही संचांतली एफएडी-2 जनुकं बिघडलेली लागतात. करडईने हे एका जनुकात उरकलं, म्हणून तिच्यात काम सोपं झालं.

ऑस्ट्रेलियात पुढे जनुकीय तंत्राने आणखी दोन जनुकं दाण्यात गप्प करून ओलेइक 90 टक्क्यांच्या वर नेलं गेलं, आणि 2018 मध्ये तिथल्या नियामकाने त्या करडईच्या व्यापारी लागवडीला परवानगी दिली. ते तेल मुख्यतः वंगण आणि उद्योगासाठी. म्हणजे रंगाच्या कारखान्यातून निघालेलं पीक कढईतून फिरून पुन्हा कारखान्यात.

टरफल

तेल कोणत्या जातीचं हा प्रश्न आपल्याकडे मागे का पडला? कारण त्याच्या आधीचा प्रश्न सुटलेला नव्हता: तेल आहे किती. आपल्या जुन्या वाणांत ते 28 ते 30 टक्क्यांच्या आसपास. 1982 मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला ‘भीमा’ कोरडवाहूत इतका टिकला की आजही नव्या वाणाची तुलना करताना त्याचं नाव निघतं, पण तेलाच्या टक्क्यात तोही याच घरातला. अमेरिकी वाण 40 च्या पुढे गेले. फरक गरात नाही, टरफलात आहे. आपल्या दाण्याचं जवळपास निम्मं वजन टरफलाचं. टरफल पातळ केलं की टक्का आपोआप चढतो.

मग पातळ टरफलाचं जनुक आणा आणि घाला, असं वाटेल. असं जनुक आहे. अमेरिकेत त्याच्यावर भरपूर काम झालं. पण टरफलाला कठीणपणा देणाऱ्या पेशींचीच जात परागकोशाच्या भिंतीत असते, आणि तीच भिंत वाळून फाटली की पराग बाहेर पडतो. टरफल पातळ करणारं जनुक तिथेही हात घालतं. परागकोश वेळेवर फुटत नाही, कुक्षी परागाविना वर येते, झाड जवळपास नर-वंध्य वागतं आणि मधमाश्यांच्या भरवशावर राहतं. एका हाताने तेल दिलं, दुसऱ्या हाताने दाणा काढून घेतला. पैदासकाराच्या रोजच्या त्रासाचं याच्यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही. विविधतेच्या यादीत ‘पातळ टरफल’ ही एक ओळ असते. झाडात मात्र ती ओळ चार ठिकाणी जोडलेली असते.

त्यात आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या. जाड टरफल मळणीत दाणा फुटू देत नाही आणि कडक पडलेल्या जमिनीत अंकुराला तेवढीच साथ देतं. तरीही टप्प्याटप्प्याने, टरफल थोडं-थोडं कमी करत, आता 35 टक्क्यांच्या पुढे तेल असलेले भारतीय वाण आले आहेत. त्यांचं शेतकऱ्याला काय? हिशेब करून बघा. जुन्या वाणाचे 10 क्विंटल, तेल 28 टक्के, म्हणजे 280 किलो. नव्या वाणाचे समजा 9 क्विंटल, तेल 35 टक्के, म्हणजे 315 किलो. देशाच्या तिजोरीला 35 किलो फायदा. आडतीवर मात्र काटा वजनाचा. शेतकरी एक क्विंटलने मार खातो. तेलाच्या टक्क्यावर भाव मिळत नाही तोवर पातळ टरफलाचं जनुक गिरणीवाल्याच्या कामाचं, शेतकऱ्याच्या नाही. आपल्या निम्म्याहून जास्त खाद्यतेलाची आयात होते हे वाक्य दर वर्षी ऐकायला मिळतं. भाव कशावर मोजायचा हा प्रश्न त्या वाक्याच्या मागे क्वचितच येतो.

काटा

काट्याची हकिकत थोडक्यात. मजूर मिळेनासे झाले तसा कुंपणाचा गुण दोष झाला. काढणी पहाटे दवात करायची, काटे मऊ असताना, नऊ-दहा वाजले की हात आखडायचे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-6’ हा बिनकाट्याचा वाण दिला आणि नंतर ‘नारी-एनएच-1’ हा बिनकाट्याचा संकर वाण. पाकळ्या खुडायच्या असतील तर असाच वाण लागतो. पण बिनकाट्याच्या शेतात शेळ्या शिरतात, आणि कंबाइन हार्वेस्टर गावात आल्यावर काट्याचा जाच मशिनच्या वाट्याला गेला. गुणाचा दोष आणि दोषाचा पुन्हा गुण, हे सगळं एका पिढीत.

संकर वाणांच्या बीजोत्पादनात मात्र काटा फार नडला. 1997 मध्ये आलेले पहिले संकर वाण जनुकीय नर-वंध्यत्वावर उभे होते. त्यात मादी ओळीतली निम्मी झाडं वंध्य आणि निम्मी फलित निघतात. फलित झाडं फुलं उमलण्याआधी ओळखून उपटायची, म्हणजे काटेरी रानात दररोज सकाळी बोंडं उघडून बघत फिरायचं. बियाणं महाग झालं यात नवल नाही. यातून सुटका करायला हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी रानटी करडईकडे धाव घेतली. वायव्य भारतात तण म्हणून उगवणारी ‘ऑक्सिअकँथा’ ही जात, गुणसूत्रं करडईइतकीच 24. तिचा पेशीद्रव घेऊन पेशीद्रवीय नर-वंध्यत्व उभं केलं गेलं, म्हणजे मादी ओळ अख्खीच्या अख्खी वंध्य. जे तण शेतकरी उपटून फेकतो, त्याच्या पेशीद्रवात संकर बियाण्याचा कारखाना निघाला.

परतीची वाट

देशात करडईखाली एके काळी सात-आठ लाख हेक्टर होते, 1980 च्या दशकात. आज एक लाखाच्याही खाली. हरभऱ्याने जागा घेतली, सोयाबीनने रब्बीचं वेळापत्रक बदललं, पाणी आलं तिथे ऊस गेला. अशा आटत्या पिकात हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने ‘ओएल’चं काम हाती घेतलं. आता चकती कापून तेल तपासायची गरज नाही. अप्रभावी गुण दुसऱ्या वाणात न्यायचा तर पूर्वी एक पिढी मूळ वाणाशी संकराची आणि एक पिढी स्वपरागीभवनाची असं आळीपाळीने जावं लागे, कारण एकच प्रत असलेला दाणा तेलात ओळखू येत नाही. आता रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन ते एक अक्षर आहे की नाही हे मार्करवर, म्हणजे डीएनएतल्या खुणेच्या चाचणीवर, बघता येतं. एकच प्रत असली तरी दिसते. निम्मा काळ वाचतो.

वाण तयार होणं हा भाग जमला. आता अडचण शेतावरची आहे, आणि ती त्याच दोन गोष्टींतून निघते ज्यांनी हा गुण पकडायला मदत केली होती: गुण अप्रभावी आहे आणि दाणा आपलं तेल आपण ठरवतो. उच्च-ओलेइक झाडावर शेजारच्या साध्या करडईचा पराग पडला, तर तो दाणा त्याच हंगामात साध्या तेलाचा होतो. पुढच्या वर्षीची वाट बघावी लागत नाही. समजा शंभरातले पाच दाणे असे निघाले. शुद्ध दाण्यात ओलेइक 78 टक्के, मिश्र दाण्यात 18 धरा. पोत्याचा आकडा येतो 75. तेवढं चालून जाईल. पण शेतकऱ्याने त्याच पोत्यातलं बी ठेवलं, पेरलं, पुन्हा पराग मिसळला, तर तीन-चार वर्षांत ते तेल कशाच्याच कामाचं राहणार नाही, ना रंगाच्या ना खास तळणीच्या. आणि आडतीवर दोन्ही करडया एका ढिगात ओतल्या तर पहिल्याच दिवशी.

कॅलिफोर्नियात याची सोय करार-शेतीने झाली: बी कंपनीचं, माल कंपनीचा, दोन्ही तेलांचे डबे वेगळे. तिथे शेतंही एकमेकांपासून लांब. आपल्याकडे दोन एकरांच्या पट्ट्या बांधाला बांध लावून. त्यामुळे उच्च-ओलेइक करडईचा प्रयोग एका शेतकऱ्याने करून भागत नाही, अख्ख्या शिवाराने किंवा निदान एका गटाने एकच वाण पेरायला लागतो, आणि खरेदीदार आधी ठरलेला लागतो. गट जमतात, बैठका होतात, करडई पेरणाऱ्या सगळ्यांची नावं यादीत येतात. ज्याचं नाव यादीत येत नाही तो ज्वारीवाला. तो करडई ‘पेरत’ नाही. त्याने फक्त ज्वारीभोवती घरच्या बियाची चार तासं टाकलेली असतात, गुरांसाठी. डिसेंबरात ती फुलतात, आणि सकाळच्या उन्हात मधमाश्या बांध ओलांडून ये-जा करत असतात.